काजूवरचा ढेकण्या नेमका कोणता? हेलोपेल्टिसच्या जाती ओळखायला शिकताना

डिसेंबरातली सकाळ, कुडाळजवळची काजूची बाग. नव्या पालवीची टोके मान टाकून लोंबताहेत, कोवळ्या देठांवर तपकिरी-काळे लांबट चट्टे पडलेत आणि एखाद्या चट्ट्यावर डिंकाचा बारीक थेंब चमकतोय. बागवाले काका लांबूनच सांगतात, "मोहोर करपतलो, ढेकण्यो लागलो हा." निदान बरोबर असते. फवारणी करायची की नाही हे ठरवायला तेवढे पुरतेही. पण तुम्ही वहीत काय लिहिणार? नुसते 'ढेकण्या' लिहिलेत तर पुढच्या वर्षी तुमची तुम्हालाच ती नोंद उपयोगी पडायची नाही. भारतात काजूवर हेलोपेल्टिसच्या निदान तीन जाती सापडतात, आणि त्या एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की शिकलेसवरलेले लोकही फसतात. मीही फसलो आहे. ते पुढे सांगतोच.

हा लेख वनस्पतिशास्त्र किंवा कीटकशास्त्र न शिकलेल्या पण भिंग हातात घ्यायची हौस असलेल्या माणसासाठी आहे. एका सकाळीत जातीपर्यंत पोचाल असे वचन देत नाही. कुठल्या पायरीवर थांबायचे हे कळले तरी निम्मे काम झाले.

आधी शब्दांचा घोळ

मराठीत 'ढेकण्या' हे एका किड्याचे नाव नाही, ते आडनाव आहे. भातावर लोंबीवरचा ढेकण्या असतो, कापसावर लाल ढेकण्या, काजूवर हा. तिघांची कुळे वेगळी. तिघांना जोडणारी गोष्ट एकच: तोंडाच्या जागी टोचून रस ओढणारी सोंड. म्हणजे सगळे अर्धपंखी गणातले, आपल्या घरच्या ढेकणाचे दूरचे भाऊबंद. इंग्रजीतले 'टी मॉस्किटो बग' हे नाव तर आणखी दिशाभूल करणारे आहे. हा ना डास, ना फक्त चहावर असणारा. लांब पाय, लांब मिशा आणि सडपातळ अंग बघून कोणा मळेवाल्याला डास आठवला असणार, बाकी काही नाही. डासाला दोनच पंख असतात, याला चार.

दुसरा घोळ जास्त त्रासदायक आहे. आपली वर्तमानपत्रे 'नवी प्रजाती सापडली' असे छापतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा 'नवी जाती' म्हणायचे असते. मराठी विश्वकोशाची परिभाषा स्पष्ट आहे: गण, मग कुल, मग प्रजाती, मग जाती. हेलोपेल्टिस ही प्रजाती. अँटोनी, ब्रॅडी, थिव्होरा या तिच्यातल्या जाती. या लेखात शब्द याच अर्थाने वापरले आहेत, आणि तुमच्या वहीतही तसेच वापरा, नाहीतर दोन वर्षांनी स्वतःचीच टिपणे उलगडत बसाल.

पकडायचे कसे, आणि लेबल

ओळखण्याआधी नमुना हवा. फोटोवरून प्रजातीपर्यंत नक्की पोचता येते. जातीपर्यंत क्वचितच.

काजूला ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवी पालवी फुटते, मागोमाग मोहोर येतो, आणि या किड्याचा जोर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत असतो. सकाळी लवकर जा. ऊन चढले की ते चपळ होतात, आणि फांदी हलली रे हलली की पानाच्या मागे सरकतात किंवा सरळ उडतात. जाळी फिरवून फार हाती लागत नाही, वर मोहोर झडतो आणि बागवाल्याच्या शिव्या खाव्या लागतात. त्यापेक्षा रुंद तोंडाची काचेची बाटली खालून हळूच सरकवा आणि वरून झाकण धरा. घाबरलेला किडा बहुधा खाली पडतो, तो थेट बाटलीतच. पालवीवर लाल हुमले, म्हणजे पाने जोडून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या, फिरत असतील तर दुसरे झाड बघा. एक म्हणजे ते चावतात. दुसरे म्हणजे हुमल्यांच्या झाडावर ढेकण्या कमीच टिकतो.

बाटलीत 70 टक्के अल्कोहोल हवे. प्रयोगशाळेतले इथेनॉल मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल चालते, निदान अंगरचना बघण्यापुरते. डीएनए तपासायचा विचार असेल तर मात्र एक-दोन नमुने 95 टक्क्यांच्या वर शुद्धता असलेल्या इथेनॉलमध्ये वेगळे ठेवून थंड जागी ठेवा. काही नर कोरडेही ठेवा, कारण अल्कोहोलमध्ये लाल आणि हिरवा रंग लवकर उडतो. इतका बारीक किडा अंगातून टाचणी खुपसून ठेवत नाहीत. जाड कागदाचा छोटा त्रिकोण कापतात, त्याचे टोक किंचित वाकवून गोंदाच्या थेंबाने किड्याच्या उजव्या कुशीला चिकटवतात आणि टाचणी कागदातून जाते.

लेबल पेन्सिलीने लिहा. हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवे. पहिल्या वर्षी मी बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या बाटल्यांत टाकल्या. महिन्याभराने सगळ्या बाटल्यांतले अल्कोहोल निळसर आणि चिठ्ठ्या कोऱ्या. तीसएक किडे, आणि कुठला वेंगुर्ल्याचा, कुठला सावंतवाडीचा, देव जाणे. ते सगळे टाकून दिले. गाव-तालुका-जिल्हा, शक्य असल्यास अक्षांश-रेखांश, तारीख, कुठल्या झाडावर, झाडाच्या कुठल्या भागावर, आणि पकडणाऱ्याचे नाव, एवढे प्रत्येक चिठ्ठीवर हवे. 'काजू' एवढेच नको, 'काजू, कोवळा देठ, रस ओढताना' असे लिहा. झाडावर नुसता बसलेला किडा त्या झाडाचा असेलच असे नाही.

अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही पकडू नका. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना टपालाने पाठवायचा मोहही आवरा, त्याला जैवविविधता कायद्याखाली मंजुरी लागते.

हा मिरिडच आहे ना?

हेलोपेल्टिस मिरिडी या कुळात मोडते. या कुळात 11,000 हून जास्त जातींची नावे नोंदली गेली आहेत, म्हणजे अर्धपंखी गणातला हा मोठाच गोतावळा. कुळ ओळखायला दहापट भिंग पुरते.

डोळ्यांच्या मधल्या भागात, डोक्याच्या माथ्यावर बघा. बऱ्याच ढेकणवर्गीय किड्यांना तिथे दोन काचेच्या मण्यांसारखे साधे नेत्रक असतात. मिरिडांमध्ये, एक छोटा गट सोडला तर, ते नसतात. मग सोंड बघा: चार पेरांची, विश्रांतीत पोटाखाली सरळ मुडपलेली. मग पुढचा पंख. त्याच्या कडेला, चामड्यासारखा भाग संपून पारदर्शक पडदा सुरू होतो तिथे एक छोटा वेगळा त्रिकोण असतो. हेलोपेल्टिसमध्ये तो अरुंद असल्याने नवख्याला चटकन दिसत नाही. पंख बाजूने आडवा प्रकाश टाकून बघा.

काजूवर फसवणारे सोबती दोन प्रकारचे. एक म्हणजे शिकारी ढेकूण. हे रेड्युव्हिड कुळातले, बागेचे मित्र, आणि त्यातल्या सायकॅनस या प्रजातीला तर पाठीवर काटाही असतो. नवखा माणूस काटा बघतो आणि खूश होतो. पण सायकॅनस आकाराने दुपटीहून मोठा असतो, त्याची सोंड जाड, आखूड आणि चोचीसारखी वाकडी असते, आणि चुकून हातात धरलात तर ती सोंड काय करते ते आठवडाभर लक्षात राहते. दुसरा सोबती मात्र खरोखर जवळचा नातेवाईक आहे: पॅकिपेल्टिस. तोही मिरिड, तोही काजूवर, नुकसानही तसलेच. दोघांना वेगळे करणारी खूण पुढच्या पायरीत.

टाचणी शोधा

किड्याला पोटावर ठेवून बाजूने बघा. मानेमागचे छातीचे पुढचे कवच संपते तिथे पाठीवर एक छोटी त्रिकोणी ढाल असते, तिला स्क्युटेलम म्हणतात. हेलोपेल्टिसमध्ये या ढालीतून एक काडी वर उभी राहते. किंचित मागे झुकलेली, टोकाला बारीकशी गाठ. शिवणकामातली गोल डोक्याची टाचणी कोणीतरी पाठीत रोवून ठेवल्यासारखी. एकदा दिसली की पुन्हा विसरत नाही.

हे नावातच आहे. ग्रीकमध्ये 'हेलोस' म्हणजे खिळा, 'पेल्टे' म्हणजे ढाल. खिळा ठोकलेली ढाल. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ सिग्नोरे यांनी 1858 मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून ही प्रजाती आणि तिच्यातली अँटोनी ही जाती एकदमच वर्णन केली. पॅकिपेल्टिसच्या ढालीवर हा खिळा नसतो, ढाल नुसती फुगीर असते. तेव्हा काजू, मिरिड आणि टाचणी या तीन गोष्टी जुळल्या की वहीत 'हेलोपेल्टिस' लिहायला हरकत नाही.

फोटो काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवा: वरून काढलेल्या फोटोत टाचणी ठिपक्यासारखी दिसते किंवा दिसतच नाही. फोन किड्याच्या पातळीला आणा आणि कुशीतून काढा. आणखी दोन फोटो पोटाकडून आणि पायांच्या मुळाचे. हे तीन असतील तर समोरचा तज्ज्ञ काहीतरी बोलू शकतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर सुंदर, धूसर पार्श्वभूमीचे, वरून काढलेले शेकडो फोटो आहेत, आणि त्यातले बरेच प्रजातीच्या पुढे जाऊच शकत नाहीत.

टाचणी दिसली नाही म्हणून लगेच हेलोपेल्टिस नाही असेही म्हणू नका. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पहिल्या अवस्थेतल्या पिल्लाला ती नसते, दुसऱ्या अवस्थेपासून दिसू लागते. पिल्ले नारिंगी, पंख नसलेली, लांब पायांची, मुंग्यांसारखी लगबग करणारी असतात. एकूण पाच अवस्था. पिल्लांवरून जात सांगायचा प्रयत्नच करू नका. त्यापेक्षा पाळा. प्लास्टिकच्या बरणीत काजूची कोवळी फांदी, तिच्या कापलेल्या टोकाला ओला कापूस, तोंडाला मलमलचे फडके. फांदी रोज बदला. साधारण दोन आठवड्यांत पिल्लाचा प्रौढ होतो. कात टाकल्यावर निघालेला प्रौढ फिकट आणि मऊ असतो, त्याला आणखी दोन दिवस खाऊ द्या, रंग आणि कवच पक्के झाले की मगच अल्कोहोलमध्ये टाका. घाईत मारलेला फिकट नमुना पुढे 'वेगळी जात' म्हणून डोके खातो.

अंडी शोधायची असतील तर भिंगाने कोवळा देठ किंवा मोहोराची दांडी बघा. अंडे पेशींच्या आत खुपसलेले असते, बाहेर फक्त दोन रुपेरी केस दिसतात, एक लांब, एक आखूड. अंड्याच्या श्वासाच्या नळ्याच त्या. सापडले की आनंद होतो, पण जात ठरवायला त्याचा उपयोग नाही.

नर की मादी, हे रंगाच्या आधी

आता माझी फजिती. दुसऱ्या हंगामात दापोलीकडच्या एका बागेतून आणलेले किडे मी पांढऱ्या बशीत ओतले आणि दोन ढीग केले. एकाची छाती तांबडी, दुसऱ्याची काळी. आकारातही फरक, काळे बारके. मोठ्या रुबाबात एका ढिगाला अँटोनी आणि दुसऱ्याला ब्रॅडी असे लिहून टाकले. पुढच्या रविवारी त्याच झाडावर एक तांबडी आणि एक काळा, शेपटीला शेपटी जोडून, संसार मांडून बसलेले. दोन ढीग म्हणजे दोन जाती नव्हत्या, नवरा-बायको होते.

म्हणून जातीचा विचार करण्याआधी प्रत्येक नमुन्याचे लिंग ठरवा. पोटाच्या खालच्या बाजूला बघा. मादीचे पोट रुंद असते आणि मध्यरेषेवर, मागच्या अर्ध्या भागात, अंडी घालायची तलवारीसारखी नळी खोबणीत बसलेली दिसते. नराचे पोट अरुंद, आणि शेवटचा खंड गोल डबीसारखा. मादी सहसा थोडी मोठी असते. सगळे मिळून लांबी 6 ते 8 मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे 'थोडी' म्हणजे खरेच थोडी.

अँटोनीत मादीची छाती बहुधा तांबूस, डोके काळे, पोट काळे-पांढरे. नर त्याहून काळसर. पण त्यातही फिक्या लालपासून पार काळ्यापर्यंत सगळ्या छटा सापडतात. थिव्होराच्या पोटाला हिरवट झाक असते आणि तिच्यातही नर-मादीच्या छातीचे रंग वेगळे. आता विचार करा, तीन जाती, प्रत्येकीचे दोन वेष, वर वयाने आणि अल्कोहोलने बदललेले रंग. रंग ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्ष ऐकून घ्यावी, फाशी देऊ नये.

मांडीच्या मुळाशी

बाहेरून दिसणाऱ्या खुणांपैकी एक मला भरवशाची वाटते, आणि ती अँटोनी-ब्रॅडी हा सगळ्यात अवघड गुंता सोडवायला कामी येते. पायाचा जाड, अंगाजवळचा भाग, म्हणजे मांडी, तिच्या मुळाशी बघा. ब्रॅडीमध्ये तिथे फिकट, पांढुरके कडे असते. अँटोनीत तसे कडे नसते, मांडी मुळापासून गडद.

बघताना दोन खबरदाऱ्या. एक, पाय अंगाशी मुडपलेला असेल तर मूळ दिसतच नाही, मग कोरडा नमुना आधी दमट डबीत, ओल्या टिपकागदावर एक रात्र ठेवून पाय हळू ओढून घ्या. दोन, नुकती कात टाकलेल्या किड्याच्या मांड्या सगळ्याच फिकट असतात. मागचे दोन्ही पाय बघा आणि एकाच बागेतले निदान पाच-सहा नमुने बघा. एका किड्यावरून नाव देणे म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा, पण इथे ती म्हण चालत नाही. इथे पातेले उपसावे लागते.

शेवटचा शब्द नराचा

मिरिडांच्या वर्गीकरणात खरा निकाल नराच्या जननांगांवर लागतो. नवखे इथे घाबरतात. घाबरण्यासारखे काही नाही, पण पहिले चार-पाच नमुने बिघडणार हे धरून चला. सरावासाठी आधी कापसावरचा किंवा भेंडीवरचा लाल ढेकण्या घ्या, तो मोठा असतो आणि ढिगाने मिळतो. हात बसला की इकडे या.

लागणारे सामान: 40 पटीपर्यंत जाणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, ग्लिसरीन, खोलगट काचपट्टी आणि दोन सुया. सुया विकत घेऊ नका. सगळ्यात बारीक टाचण्या आगकाडीच्या टोकात रोवल्या की झाले. सूक्ष्मदर्शक घरी नसेल तर जवळच्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा, सुटीच्या दिवशी धूळ खात पडलेला असतो.

नराच्या पोटाचा मागचा तिसरा हिस्सा सुईने अलग करा. तो हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाका. घाई नसेल तर रात्रभर तसाच ठेवा. घाई असेल तर परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात पाच-दहा मिनिटे उभी करा, आणि मधूनमधून बघत राहा, कारण जास्त झाले की नाजूक पडदे विरघळतात. उघड्या आचेवर नळी धरू नका, द्रावण उसळते. चष्मा आणि हातमोजे घाला, हे द्रावण कातडी खाते. स्नायू विरघळून भाग पारदर्शक झाला की पाण्यात दोनदा धुवा, पाण्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकलात तर उरलेला क्षारही मरतो. मग ग्लिसरीनमध्ये घ्या.

आता डबीसारखा शेवटचा खंड एका सुईने धरून दुसरीने उघडा. आत दोन आकडे दिसतील, डावा आणि उजवा. ते सारखे नसतात, डावा मोठा आणि उजवा लहान. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटते आपण एक मोडला. मोडलेला नसतो, मिरिडांमध्ये हे असे डावे-उजवे असते. त्यांच्यामध्ये शिश्न, आणि त्याच्या टोकाला पडद्याची पिशवी, तिला वेसिका म्हणतात. या पिशवीत कडक, तपकिरी तुकडा असतो, त्याच्यावर बारीक दाते असतात. त्या तुकड्याचा आकार आणि दात्यांची मांडणी जातीजातीत वेगळी. आपला नमुना आकृतीशी त्याच कोनातून ताडून बघा. काचपट्टीवर तो जरा कलला तरी तोच तुकडा वेगळा भासतो. म्हणून काच झाकू नका, ग्लिसरीनमध्ये तो सुईने फिरवत चारही बाजूंनी बघा आणि हाताने चित्र काढा. फोटो नंतर. चित्र काढताना डोळा जे बघतो ते फोटो काढताना बघत नाही.

काम झाल्यावर तो भाग फेकू नका. ग्लिसरीनच्या थेंबासह अगदी बारक्या कुपीत घाला आणि ती कुपी त्याच किड्याच्या टाचणीला खाली टोचा. जननांगे एकीकडे आणि किडा दुसरीकडे झाला की दोन्ही निकामी.

आकृत्या कुठल्या वापरायच्या? हेलोपेल्टिससाठी कीटकशास्त्रज्ञ स्टोनडाल यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेला आशियाई जातींचा आढावा हाच पाया. त्याआधीच्या याद्या हाती लागल्या तर जपून. एक उदाहरण पुरे. जावातल्या चहा-कोकोवरच्या किड्याला कित्येक दशके सगळे अँटोनी म्हणत आले. शेतकी पुस्तिका, शोधनिबंध, सगळीकडे तेच नाव. स्टोनडाल यांनी नमुने पुन्हा तपासले तेव्हा कळले की अँटोनी ही भारत-श्रीलंकेकडची, आणि जावातली ती ब्रॅडी. तरीही नंतर वर्षानुवर्षे इंडोनेशियात जुने नाव छापले जात राहिले, शेवटी तिथल्या संशोधकांना चहाच्या मळ्यातले नमुने घेऊन हे पुन्हा सिद्ध करावे लागले. एका नावापायी दोन देशांची माहिती एकमेकांत मिसळली: कुठल्या झाडावर येतो, किती दिवसांत वाढतो, त्याच्या अंड्यांवर कुठली गांधीलमाशी जगते, सगळे.

त्याच आढाव्यात उलट प्रकारची दुरुस्तीही आहे. मलायातल्या कोकोवरून थिओब्रोमी नावाची वेगळी जात वर्णन झाली होती, ती थिव्होराच निघाली. म्हणून जुन्या कागदात थिओब्रोमी भेटली तर दचकू नका. आफ्रिकेतही काजूवर हेलोपेल्टिस आहे, पण त्या जाती वेगळ्या. इंटरनेटवर सापडलेली आफ्रिकेची ओळख-किल्ली, म्हणजे एकेक खूण निवडत नावापर्यंत नेणारी यादी, लावून कोकणातला किडा ओळखू नका, किल्ली काहीतरी उत्तर देतेच. कुलपात ती फिरते म्हणजे घर आपले असते असे नाही.

झाडावरून नाव ठरवू नका

'चहावर आहे म्हणजे थिव्होरा, काजूवर आहे म्हणजे अँटोनी' हे सूत्र तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. त्यात तथ्य आहे. आसाम-दुआर्सच्या चहावर थिव्होराचेच राज्य, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काजूवर अँटोनी सर्वांत जास्त. थिव्होरा या नावाचाच अर्थ चहा खाणारी. पण काजूवर ब्रॅडी आणि थिव्होराही सापडतात, आणि अँटोनी पेरू, कडुनिंब, कोको यांवरही मजेत जगते. सूत्र लावून बसलात तर काजूवरची थिव्होरा तुम्हाला कधीच दिसणार नाही, कारण तुम्ही बघणारच नाही. बागेच्या कडेचा पेरू आणि बांधावरचा कडुनिंब मात्र जरूर तपासा, आणि त्यांचे नमुने वेगळ्या बाटलीत.

डीएनएचे काय?

लोक विचारतात, आता एवढी कापाकापी कशाला, डीएनए बारकोड आहे ना? आहे. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाच्या ठरावीक तुकड्यावरून भारतातल्या हेलोपेल्टिसच्या जाती वेगळ्या करता येतात, आणि तसे काम आपल्याकडे झालेही आहे. पिल्ले, माद्या, पंख तुटलेले नमुने यांच्यासाठी हा मोठा आधार. पण बारकोड तुमचा क्रम कोणाच्या तरी आधी नोंदलेल्या क्रमाशी ताडतो. त्या आधीच्या माणसाने तांबडे-काळे असे दोन ढीग करून नावे दिली असतील तर संगणक ती चूक दशांश चिन्हासकट तुमच्या हाती देईल. पाय एक डीएनएला द्या, बाकीचा किडा लेबलासह जपा.

वहीत आणि लेबलावर काय लिहायचे

पूर्ण नाव असे लिहितात: हेलोपेल्टिस अँटोनी सिग्नोरे, 1858. शेवटी वर्णन करणाऱ्याचे नाव आणि वर्ष. ते कंसात नसते, याचा अर्थ सिग्नोरे यांनी ही जात पहिल्यापासून याच प्रजातीत ठेवली होती. नंतर कोणी ती दुसऱ्या प्रजातीत हलवली असती तर नाव-वर्षाला कंस आला असता. ब्रॅडी आणि थिव्होरा दोन्ही वॉटरहाउस यांच्या, 1886 च्या, आणि त्यांनाही कंस नाही.

ओळख पटवल्याची चिठ्ठी वेगळी असते, ठिकाणाच्या चिठ्ठीच्या खाली. तिच्यावर जातीचे नाव, ओळखणाऱ्याचे नाव, वर्ष, आणि कशावरून ओळखले ते दोन शब्दांत: 'नर, वेसिका' किंवा 'मांडीचे कडे'. नंतर कोणी ओळख बदलली तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत, नवी तिच्याखाली जोडतात. माझ्या दापोलीच्या किड्यांखाली आजही ती पहिली, रुबाबातली, चुकलेली चिठ्ठी आहे.

शंका असली तर दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र, जुन्या गोव्याजवळ एला इथली किनारी शेती संशोधन संस्था किंवा कर्नाटकातले पुत्तूरचे काजू संशोधन संचालनालय, इथे काजूच्या किडींवर काम करणारी माणसे असतात. आधी पत्र किंवा ईमेल, मग नमुने. एका बागेतले निदान तीन नर आणि तीन माद्या पाठवा, सगळे लेबलांसह. बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहिला की वाटेत किडा घुसळून मिशा आणि पाय मोडतात, आणि पाय गेले की मांडीही गेली.

आणि हाती फक्त माद्या असतील, नर एकही नाही, मांडीचे मूळ धड दिसत नाही, अशा वेळी? चिठ्ठीवर लिहा: 'हेलोपेल्टिस, जात अनिश्चित, मादी 4, काजूच्या मोहोरावर'. खाली तारीख. पेन्सिलीने.